दिवा फुंकला तेव्हा

आज खंडेनवमीला नातसुनेनं इन्व्हर्टर पुसायला काढला आणि बॅटरीच्या आंबूस, नाकाला झोंबणाऱ्या वासानं मला संग्रामपूरची आमची पिठाची गिरणी आठवली. वऱ्हाडाचा कारभार तेव्हा नागपूरहून चाले. गावात वीज नव्हती, म्हणून पाटलांच्या रेडिओची बॅटरी आमच्या इंजिनावर चार्ज होई. लग्नानंतरची माझी पहिली खंडेनवमी होती. पूजेसाठी इंजिन नुकतंच थांबवून त्याला झेंडू वाहिला होता, दार लोटलेलं होतं, आणि शेजारी उघड्या टोपणांची बॅटरी अजून बुडबुडत होती. सासूबाई पेटतं निरांजन घेऊन तिच्यावर वाकल्या. माझे वडील मोटार चालवत. अशाच बॅटरीपाशी काडी ओढली नि भडका उडून त्यांचा डोळा गेला होता. मी पुढे झाले आणि निरांजन फुंकून विझवलं. "काऊन वं, सनासुदीचा दिवा फुकला तुनं?" सासूबाई कडाडल्या. "आत्याबाई, वाफ भडकते इची. पूजा आंगनात करा," म्हणत मी दार सताड उघडलं. सासरे म्हणाले, "माफी माग." मी मागितली नाही. पूजा अंगणात झाली. आत्ता नातसून निरांजन घेऊन इन्व्हर्टरकडे वळली, तसं मी तिला जवळ बोलावलं. दात गेलेत, पण फुंकेत अजून दम आहे.