गराजमधलं पिंप

अमेरिकेत बॉथेलच्या आमच्या घरी दर शुक्रवारी संध्याकाळी दोन रिटायर्ड इंजिनियर बसायचे. एक आमचे हे, दुसरा शेजारचा बल्गेरियन म्हातारा. त्याचा भाऊ गावाकडून प्लमची राकिया पाठवायचा. ती फळांची कडक दारू दोघं इवल्याशा ग्लासांतून पुरवून पुरवून प्यायचे. सोबत त्यांना काकडी-टोमॅटोची कोशिंबीर लागे, तीही दाण्याचं कूट न घालता, वर चीज किसून. कोशिंबिरीचे एवढे हाल मी माहेरी कधी पाहिले नव्हते. पहिल्या घोटाआधी एकमेकांच्या डोळ्यांत बघत ते ग्लासला ग्लास टेकवायचे. मला या सगळ्याचा मनस्वी कंटाळा होता.

सप्टेंबरात दोघांनी आमच्या गराजमध्ये वाइन घातली. गाडी बाहेर गेली, द्राक्षांच्या पेट्या आत आल्या, घरभर आंबूस वास सुटला. ह्यांची केमो नुकतीच सुरू झाली होती. मी चिडले, तर म्हणाले, "अगं, केमो पोस्टपोन करता येते. पिकलेली द्राक्षं थांबतात होय?"

पिंप उघडायचं होतं फेब्रुवारीत. त्या म्हाताऱ्याच्या गावी तेव्हा द्राक्षाचा वेल छाटतात, छाटल्या जागी वाइन ओततात आणि मग सगळे पितात. ह्यांनी तो फेब्रुवारीच धरून ठेवला होता. डॉक्टरांनाही तेच विचारायचे, फेब्रुवारीपर्यंत जमेल ना? डिसेंबरात भिंतीला धरून गराजमध्ये जायचे आणि पिंपावर हात ठेवून उभे राहायचे. ते बघवेना, तेव्हा मी म्हाताऱ्याला म्हटलं, आत्ताच उघडा. तो म्हणाला, "कच्ची आहे." हेही त्याच्याच बाजूने, "थांबू या गं." मला दोघांचा भयंकर राग आला.

हे जानेवारीत गेले.

फेब्रुवारीत म्हातारा कात्री घेऊन आला. आमच्या कुंपणावरचा द्राक्षाचा वेल त्याने छाटला, पिंप उघडून त्यावर वाइन ओतली. मग दोन ग्लास भरले आणि एक मला दिला. जन्मात दारूला शिवले नव्हते, पण ह्यांच्या वाटणीची म्हणून घेतली. इतके शुक्रवार बघून रीत पाठ झाली होती. मी त्याच्या डोळ्यांत बघून ग्लास पुढे केला.

त्याने आपला ग्लास मागे घेतला. थोडी वाइन मातीत सांडली.

"गेलेल्या माणसासाठी पिताना टेकवत नाहीत," तो हळूच म्हणाला.

दिवसवार झाले, मुलं येऊन परत गेली, तोवर मला रडू आलं नव्हतं. ते तिथे आलं, ग्लास तसाच पुढे धरलेला असताना. नंतर मी एक घोट घेतला. तुरट लागली. ती चांगली झाली होती की बिघडली होती, ते कळणारा आमच्या घरात आता कोणी नव्हता.