जयमालाताईंचा वजनकाटा

जयमालाताई आमच्या गावच्या आशाताई, म्हणजे घरोघरी फिरणाऱ्या आरोग्यसेविका. उपदेश करणं त्यांना जमत नाही. त्या सरळ माणसाला कामाला लावतात. आमच्या आईला त्यांनी कामाला लावलं, हे मी अजून लोकांना रंगवून सांगते, कारण आमच्या आईपुढे भलेभले हात टेकतात.

माझी वहिनी रचना दुसऱ्यांदा गरोदर होती. पहिल्या खेपेला तिला साखर निघाली होती आणि जन्मलेली पोर तीन दिवस काचेच्या पेटीत होती. तेव्हा वहिनी रडलीसुद्धा नाही. या वेळी सुरुवातीची तपासणी चांगली आली. सहाव्या महिन्यात पुन्हा व्हायची होती. तिचीच सगळ्या घराला धास्ती.

डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितलं. आई म्हणाली, "सकाळपासून सुपारी सोलत बसते की! आणखी किती राबवायचं तिला?" आमच्या श्रीवर्धनाकडे, सुपारीच्या मुलखात, हे कुणालाही पटेल. बोटं सोलवटून निघतात, त्याला आराम कोण म्हणेल?

ताई सुपारीच्या ढिगाकडे बघून म्हणाल्या, "काकी, हात चालतात. पाय कुठं चालतात?"

आईने दाद दिली नाही. उलट दोन जिवांची म्हणून खोबऱ्याच्या वड्यांचा डबा वहिनीपुढे सरकवला.

मग ताईंनी डाव टाकला. "उद्यापासून वजन माझ्या घरी, काटा हलवता येत न्हाय. रोज पाच वाजता. आन् तिला एकटी पाठवायची न्हाय."

रोज वजन कशाला, हे विचारायचं आईला भीतीपोटी सुचलंच नाही. ताईंचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, बौद्धवाडीत; जाऊन-येऊन अर्धा तास सहज. चाळीस वर्षांत आई तिकडे फिरकली नव्हती, आणि का, ते सांगायची मला लाज वाटते. पण नातवंडाचा प्रश्न होता. पहिल्या दिवशी ती नाकासमोर बघत गेली आणि अंगणातच उभी राहिली. आठवड्याने ओट्यावर टेकली. महिन्याभरात ताईंच्या सासूबाईंशी, तुळसाआजींशी, गुडघेदुखीवर गप्पा रंगल्या. वड्या करणंही तिने आपणहून थांबवलं.

तपासणीच्या दिवशी वहिनी ग्लुकोजचं पाणी पिऊन दोन तास दवाखान्यात बसली; ताई, आई आणि मी सोबत होतो. आकडा चांगला आला. ती तिथेच ढसाढसा रडली.

ताईंनी तिला पाणी दिलं. "चाललं म्हंजे साखर होतच न्हाय, असं न्हाय हां. धोका कमी होतो. बाळंत होईस्तोवर चालायचंच." मग आईकडे वळून म्हणाल्या, "काकी, एक खोटं बोलले. काटा ह्या पिशवीत मावतो. उद्यापासून मीच घेऊन येईन. तुम्ही दोघी आपल्या सुपारीच्या बागेतच फिरा."

आता आई भडकणार, असं मला वाटलं.

"काटा तुझ्याकडेच राहू दे," आई म्हणाली. "पाच वाजता आम्ही येतोय."