ट्यूनिंगच्या दिवशी भात नाही

फॅक्टरीतली जुनी मंडळी एकत्र बसली की दुसऱ्या चहाच्या आत किस्से सुरू होतात. आमचे सगळे भीतीचेच! हसत सांगतो, पण सांगताना माझे तळहात अजून ओले होतात.

रत्नागिरीजवळ आमची छोटी केमिकल फॅक्टरी होती. साल दोन हजारच्या आसपास. तिथे एक रिॲक्टर, म्हणजे झाकण आवळलेलं मोठं भांडं. ते वाफेने तापवायचं, पण बेताने. टेंपरेचरचा काटा लाल रेषेच्या वर गेला की आतला माल आपणहून तापत सुटतो आणि झाकण उडू शकतं. त्या झाकणाशेजारी ड्यूटी होती पूर्णगडच्या कीरची.

*

वाफेचं सेटिंग आमचे लिमयेसाहेब स्क्रूड्रायव्हरने हाताने करत. मग नवा कंट्रोलर आला, ऑटो ट्यूनिंगवाला. तो बसवायला आलेला पुण्याचा इंजिनियर म्हणाला, "बटन दाबा आणि चहा प्या! हा वाफ पूर्ण उघडतो, पूर्ण बंद करतो, टेंपरेचर कसं हलतं ते बघतो आणि सेटिंग स्वतःच ठरवतो."

कीर म्हणाला, "म्हंजे ता भांडा हलवून बगनार, नि मी त्याच्या बाजूला उभा?"

"घाबरण्यासारखं काही नाही हो."

"मग तुमी पन चला की वर!"

इंजिनियरला नेमकी तेव्हाच पुण्याची एसटी आठवली.

*

लिमयेसाहेबांनी त्याच दिवशी त्या बटनावर साबणाच्या डबीचं झाकण चिकटपट्टीने बसवलं. चुकून कुणाचं कोपर लागायला नको! स्वतः समोरून जातानासुद्धा हात पाठीमागे बांधायचे.

मी म्हटलं, "साहेब, मशीन आहे ते, चावत नाही."

"चावणारं परवडलं रे. हे शिकतं! आणि चुकीचं शिकलं तर सांगत नाही."

*

आणि ते शिकलंच चुकीचं. ट्यूनिंग ऐन जेवणाआधी लावलं. कँटीनचा भातही त्याच बॉयलरच्या वाफेवर शिजायचा. कँटीन सांभाळणाऱ्या शेट्येवहिनींनी भाताची वाफ सोडली, आमच्याकडे प्रेशर पडलं. कंट्रोलरने ठरवलं की हे भांडं मठ्ठ आहे, याला भरपूर वाफ लागते.

जेवणं झाली, कँटीनची वाफ बंद झाली, आणि पुढच्या बॅचला काटा सरळ लाल रेषेकडे निघाला. अलार्म! कीरने वर गार पाण्याचा व्हॉल्व्ह हाताने उघडला. काटा रेषेला टेकून थांबला.

तेवढ्यात कंट्रोल रूमच्या दारातून शेट्येवहिनी: "काय ओ, भात कच्चा होता की काय?"

माल बदलला की ट्यूनिंग पुन्हा करावं लागायचं, म्हणून तेव्हापासून नियम झाला. ट्यूनिंगच्या दिवशी भात नाही, सकाळी भाजून ठेवलेल्या भाकऱ्या.

*

मुंबईहून डायरेक्टर आले, नेमके अशाच दिवशी. ताट बघून म्हणाले, "भात?"

"ऑटो ट्यूनिंग चालू आहे, सर."

त्यांनी गंभीरपणे मान हलवली आणि निमूटपणे दुसरी भाकरी घेतली!

*

कीरची बायको रोज सकाळी विचारायची, "आज बटन दाबनार हायत काय?" कीर रोज "नाय" म्हणायचा. पण संध्याकाळी घरी येऊन त्याने आधी भात मागितला की तिला कळायचं. त्या दिवशी ती त्याला वाढायची, पण त्याच्याशी बोलायची नाही. हे सांगताना कीर हसायचा. आम्हाला हसू यायचं नाही.

*

पावसाळा संपत आला होता. पुन्हा ट्यूनिंग. कँटीन बंद, सगळं बंद. आणि मध्येच लाइट क्षणभर गेली नि आली. रिॲक्टरच्या आतला ढवळणारा पंखा थांबला. कंट्रोलरला त्याचा पत्ता नाही, त्याची आपली वाफ चालूच. काही वेळाने पंखा पुन्हा फिरला आणि साठलेली उष्णता एकदम उसळली. काटा लाल रेषा ओलांडून गेला.

सायरन झाला, आम्ही सगळे गेटकडे पळालो. गेटवर हजेरी घेतली तर कीर नाही!

आमच्यात सर्वांत भित्रे लिमयेसाहेब. ते वळले आणि आत पळत सुटले. मी ओरडत राहिलो, माझे पाय मात्र गेटपाशीच.

बऱ्याच वेळाने सायरन थांबला, तेव्हा मी वर गेलो. काटा कधीच खाली आला होता. गार पाण्याचा गंजका व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला. आणि त्याचं चाक चार हातांनी घट्ट धरलेलं. दोन कीरचे, दोन लिमयेसाहेबांचे.

मी म्हटलं, "साहेब, झालं. सोडा आता."

"आधी त्याला सोडायला सांग!"

कीरकडे बघितलं.

"सायबांनी सोडल्यावर सोडतो!"