घाट चढणारी होडी

"होतला. कित्याक होवचा नाय?"

कुणी अडचण सांगितली, की आमच्या शेजारचे मास्तर दोन्ही तळवे एकमेकांवर चोळत हे म्हणायचे. होईल, का नाही होणार, असं ऐकल्यावर अडचण सांगणाऱ्याला वाटायचं, आता उपाय निघणार. उपाय त्यांनाही ठाऊक नसायचा. माणूस हट्टी, इतकंच.

आम्ही दोघे मालवणला एकाच शाळेत. ते भूगोल शिकवायचे, मी मराठी. शाळेत बोलणं शुद्ध पुस्तकी, घराच्या पायरीवर आले की मालवणी.

त्यांच्या पत्नीच्या पायांतलं बळ एका आजारपणात गेलं. माहेर घाटावर, आंबोलीला. तिथे म्हातारी आई लेकीची वाट बघत बसलेली. एकदा मास्तरांनी वहिनींना एस.टी.ने न्यायचं ठरवलं. दोघा हमालांनी वहिनींना उचललं आणि सगळं स्टँड बघायला गोळा झालं. वहिनींनी तिथूनच घरी परत न्यायला लावलं. म्हणाल्या, "माका परत उचलून खंय न्हेव नकात. आवशीचा तोंड दिसला नाय तरी चलात."

मास्तरांनी त्यांना घरी आणलं. पण महिन्याभरात कोल्हापूरच्या भंगारबाजारातून लष्कराची एक मोडकी मोटारसायकल ट्रकवर बांधून आली. तिला साइडकार जोडून बायकोला माहेरी नेणार, असं त्यांनी जाहीर केलं. सगळी आळी हसली. मीही हसलो.

इंजिन उघडलं बंदरावरच्या लाँचच्या मिस्त्रीने. "इंजिन तां इंजिन," तो म्हणाला. "पाण्यात चलता, मगे रस्त्यार कित्याक चलाचा नाय?"

सावंतवाडीहून एक म्हातारे फिटर दर रविवारी यायचे. जन्म एस.टी.च्या गाड्यांखाली गेलेला. ते उखडले. "दर्याक चढ खंय आसा रे? ह्येका घाट चढूचो आसा!" त्यांनी मागचं दातेरी चक्र काढून मोठं बसवलं. गाडीला जोर आला, वेग मात्र गेला. दोघे मिस्त्री एकमेकांशी बोलेनासे झाले. मास्तर मधे बसून एकाचा निरोप दुसऱ्याला हातभर अंतरावर पोचवत. एवढा धीर मी कुणात पाहिला नाही.

साइडकार बांधायला मोटारीचा सुतार मिळेना, म्हणून होड्या बांधणारा मेस्त आला. त्याने त्याला येत होतं ते केलं. फणसाच्या फळ्या, पुढे होडीची टोकदार नाळ, सांध्यांत कापूस आणि राळ, वरून मोरी माशाचं तेल. त्या वासाने आळीतली मांजरं तिथेच मुक्कामाला आली. "थेंब येवचो नाय आत," मेस्ताने छातीवर हात ठेवून सांगितलं.

गणपती झाल्यावर आम्ही निघालो. चढावर गाडी ढकलायला माणूस हवा, म्हणून मला मागे बसवलं होतं. घरच्या जोत्याला गाडी लावून वहिनी स्वतः सरकत आत बसल्या. मालवणात लख्ख ऊन होतं. घाटाच्या पहिल्या वळणावर पावसाने गाठलं आणि थोड्या वेळाने वहिनी ओरडल्या, "अवो, थांबा! माका कमरेपर्यंत पाणी इला!"

मेस्त खोटं बोलला नव्हता. त्याच्या होडीला तळातून थेंब येत नव्हता, पण वरून आलेला जातही नव्हता. पाणी जायला भोक ठेवायचं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं. होडीच्या तळाला भोक ठेवायचं मालवणात कुणाला सुचेल? माहेरी न्यायला घेतलेला प्रसादाचा नारळ फोडून त्याच्या करवंट्यांनी आम्ही भर घाटात पाणी उपसू लागलो. मी म्हटलं, "मास्तर, आता मागे फिरू या." ते तळवे चोळू लागले, पण बोलल्या त्या वहिनी. "फिरूचा नाय," त्या भिजल्या पदराने तोंड पुसत म्हणाल्या. आणि हसायला लागल्या. त्यांचं ते हसणं आम्ही किती दिवसांनी ऐकत होतो!

शेवटच्या चढावर मी ढकलून ढकलून अर्धमेला झालो. पण पोचलो.

माहेरची माणसं उचलायला धावली. मास्तरांनी दोन्ही हात आडवे केले. "कोणी हात लाव नकात तिका." गाडी आम्ही मागे ढकलत ओटीला लावली. साइडकारची बाजूची वरची, बिजागरीवरची फळी त्यांनी खाली पाडली, ती नेमकी ओटीच्या काठाला टेकली. तेवढ्या उंचीसाठी मास्तर मागे एकटेच येऊन ती ओटी मापून गेले होते, हे मला तेव्हा कळलं.

वहिनी हातांवर भार देत, एकेक वीत सरकत ओटीवर गेल्या. "इलंस गो बाये?" म्हातारी एवढंच म्हणाली आणि तिने लेकीचं ओलं डोकं मांडीवर ओढून घेतलं.

मास्तर जाऊन आता बरीच वर्षं झाली. मला ते पाठमोरेच आठवतात. आंबोलीच्या त्या अंगणात, पावसात, कधीच बंद झालेल्या इंजिनावर वाकलेले, आणि कुणी चेहरा बघू नये म्हणून उगाच एक घट्ट नट पुन्हा पुन्हा आवळणारे.