कॉम्प्युटरवर शिकलेली गाडी

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये चार वर्षं शिकवा, पुढं आयुष्यभर किस्से पुरतात. साताऱ्यातलं आमचं स्कूल म्हणजे मालक बापू आणि शिकवणारा मी. नव्वदच्या दशकाच्या शेवटाला बापूंनी कुठनं तरी जुना कॉम्प्युटर आणला. त्यात गाडी पळवायचा गेम होता. "आधी हितं शिका, मग रोडवर. पेट्रोल वाचतंय," म्हणाले.

*

कॉम्प्युटरवरचे पहिले विद्यार्थी जगताप अण्णा, मिलिटरीतून रिटायर. लेक बाळंतपणाला आलेली. मागच्या खेपेला वेळेवर रिक्षा मिळाली नाही, पोरीचे लय हाल झाले. म्हणून अण्णांनी जुनी गाडीच घेतली.

"सर, लेकीला मी सोता दवाखान्यात नेनार. मला बाकी कुटं जायचं न्हाई."

गेममधला रस्ता त्यांनी असा पाठ केला की डोळे मिटून खेळायचे!

*

मग खरी गाडी. पहिल्याच दिवशी पोवई नाक्याजवळ ती कठड्याला टेकली. अण्णा मांडीवर हात ठेवून निवांत बसले. मी विचारलं, काय झालं? "थांबा की, आपसूक रस्त्यावर येतीया." गेममध्ये यायची ना! मागं एसटीवाला हॉर्नवरचा हात काढेना.

*

बापूंची तर आणखीच तऱ्हा. गेममध्ये समोरनं कुणी यायचं नाही. तो खेळून खेळून एकदा उंब्रजला निघाले, ते रस्त्याच्या मधोमध! ट्रकवाल्यानं असं काही सुनावलं की बापू गेममध्येही डावीकडनं हळू चालवायला लागले आणि कायम शेवटचे यायला लागले.

*

अण्णा घरनं स्कूलपर्यंत गाडी आणायला लागले. तिथनं पुढं मी त्यांच्याकडनं रोज एकच फेरी मारून घ्यायचो, स्कूल ते दवाखाना. डावीकडं गेट दिसलं की वळायचं.

एका दुपारी अण्णांची गाडी करकचून स्कूलच्या दारात थांबली. मागं लेक कण्हतेय, जगताप काकू देवाचा धावा करतायत, अण्णा घामाघूम.

"सर, बसा बसा!"

बसलो. अण्णांनी गाडी झकास नेली आणि गेटमधून आत घातली. थोड्या वेळानं नात झाल्याचा निरोप आला. अण्णा ढसाढसा रडले, मीही रडलो.

मग माझी ट्यूब पेटली. अण्णांच्या घरनं स्कूलला येताना वाटेत हाच दवाखाना लागतो!

"अण्णा, दवाखान्यासमोरनंच आलासा की!"

त्यांनी डोळे पुसले.

"व्हय. पन तिकडनं येताना उजवीकडं वळायचं तुमी कवा शिकवलं?"