पाणीनी गाठ

"पाण्याची गाठ आहे, घाबरू नका," जळगावच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि मी जास्तच घाबरले. कारण हेच वाक्य मी स्वतः माझ्या मोठ्या जावेला सांगितलं होतं. तिला मी अक्का म्हणायचे. तिच्या छातीतली गाठ कॅन्सरची आहे हे धरणगावजवळच्या आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं, एक ती सोडून. "अक्का, पाणीनी गाठ शे, बठ्ठं ठीक व्हई जाई," असं मी तिचे केस विंचरताना म्हणायचे. वर्षभरात अक्का गेली. आमच्याकडे बाईचा आजार बाईला नाही, तिच्या नवऱ्याला सांगतात.

माझी गाठ उजव्या बाजूला, द्राक्षाएवढी, बोटाखाली सरकणारी. पाळीच्या आधी ठणकायची, पाळी झाली की कमी व्हायची. सोनोग्राफी बघून बाई म्हणाल्या, आत नुसतं पाणी आहे, अशा गाठी पुष्कळ जणींना होतात, हा कॅन्सर नव्हे. दुखतेय म्हणून सुईने पाणी काढून टाकू. आणि मग? मला कपडे नीट करायला पडद्याआड पाठवून ह्यांना आत बोलावलं! दोन मिनिटं कसली कुजबुज चालली होती?

"काय म्हणाल्या हो?" मी रिक्षातच विचारलं.

"काही नही. सोमवारले लई या म्हने."

काही नाही म्हणे, नुसतं सोमवारी घेऊन या! अक्कालाही काहीच नव्हतं. त्या आठवड्यात हे दोनदा जिलेबी घेऊन आले. कापूस वेचायला येऊ नको म्हणाले. भाजीत मीठ नव्हतं तरी मुकाट जेवले. हा माणूस एवढा गोड कधीपासून झाला? कपाटातला रिपोर्ट मी तीनदा काढून पाहिला. सगळा इंग्रजीत, डोंबल कळतंय मला! मरायचं तर मरेन, पण अक्कासारखी फसून मरणार नाही, एवढंच डोक्यात होतं.

सोमवारी मी ह्यांना दारातच बजावलं, "तुम्ही बाहेरच बसा." आत जाऊन बाईंना म्हटलं, "जे असेल ते माझ्या तोंडावर सांगा."

त्या रागावल्या नाहीत. सोनोग्राफीच्या पडद्यावरचा काळा गोल त्यांनी मला दाखवला, सुई टोचली, मी ओरडले, आणि तो गोल बघता बघता बसला. सिरिंजमध्ये फिकट पिवळं पाणी. रक्ताचा थेंब नाही. "आता हात लावून बघा," त्या म्हणाल्या. चाचपलं तर गाठच नाही! दीड महिन्याने पुन्हा दाखवा, परत भरली किंवा नवी लागली तर लगेच या, असं त्यांनी सांगितलं. मी तिथेच हुंदके देऊन रडले.

डोळे पुसत बाहेर आले. हे बाकावरून ताडकन उठले.

"अहो, पाणीनीच गाठ व्हती," मी म्हटलं.

ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. माझे लाल डोळे बघत राहिले.

"माले बाहेर काबर बसाडं?" हे कसंबसं म्हणाले. "खरं सांग. तू वहिनीले सांगं व्हतं तसं माले नको सांगू."