तातूच्या गाडीचं गाऱ्हाणं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, बहिणीला तर नाहीच. आता तुम्हाला सांगतोय ते मन हलकं व्हावं म्हणूनही नाही — या वयात हलकं होऊन तरी जायचंय कुठे?

साठ सालाच्या आसपास मी वेंगुर्ल्यात एका वकिलांकडे कारकून होतो. दावे लिहून लिहून कायदा अर्धामुर्धा पाठ झाला होता. पण लोक मला ओळखायचे ते गाऱ्हाण्यासाठी. आमच्याकडे नवं काही सुरू करताना देवापुढे नारळ ठेवून कुणीतरी मोठ्याने मागणं मागतो, आणि जमलेली माणसं ‘व्हय म्हाराजा’ म्हणत साथ देतात. माझा आवाज खणखणीत, शब्द कधी अडत नसे. त्याचा थोडा ताठाही होता मला — थोडा कसला, बराच.

माझ्या बहिणीचा नवरा टॅक्सी चालवायचा. भावोजींच्या त्या गाडीची चासी — म्हणजे खालची लोखंडी चौकट, जिच्यावर सगळी गाडी उभी असते — मधोमध तडकली. त्यांनी ती कशीबशी जोडून घेतली आणि जोड दिसू नये म्हणून वर डांबर फासलं. डांबराचा डबा मीच आणून दिला होता. मग गाडी विकायला काढली.

गिऱ्हाईक मिळालं वालावलचा तातू. बारा वर्षं जहाजावर खलाशी होता. आता घरी राहायचं, बायकामुलांत जेवायचं, एवढ्यासाठी सगळी कमाई त्याने त्या गाडीत घातली. मेस्त्रीला दाखवली? नाही. लिहून घेतलं? तेही नाही. कागद मागणं म्हणजे समोरच्याचा अपमान, अशी आमची समजूत. त्याने मला एवढंच म्हटलं, “गाऱ्हाणा मात्र तुमी घाला.”

मी घातलं. “ह्या गाडयेत कसलीच खोट नाय, तातूक बरकत दे रे म्हाराजा.” सगळ्यांच्या आधी भावोजी म्हणाले, “व्हय म्हाराजा.”

तीन महिन्यांत कसालच्या उतारावर गाडी मधोमध मोडून बसली. माणसं वाचली. तातू माझ्याकडे आला, कचेरीच्या पायरीवरच बसला. “तुमी कोर्टातले, म्हणान तुमकाच इचारतंय. कायद्यात माका कायच नाय?”

होतं. मला पक्कं ठाऊक होतं. विकणाऱ्याने तोंडी दिलेली हमीसुद्धा हमीच असते. माहीत असलेली खोट मुद्दाम झाकली तर ती फसवणूक, सौदा मोडता येतो, नुकसानभरपाई मिळते. फक्त साक्षीदार हवा. आणि साक्षीदार त्याच्या समोर उभा होता — डांबराच्या डब्यासकट.

“कागद नाय, तर कायच नाय,” मी म्हटलं.

आपलेच दात, आपलेच ओठ — बहिणीचं घर मोडेल, असं मी तेव्हा स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे कोर्टात सगळ्यांसमोर उभं राहायला मी भ्यालो. भित्रा होतो मी. दुसरं काय?

तातूने भांडण केलं नाही. भावोजींना शिवी दिली नाही. देवापुढे बोललेलं खोटं असेल, हे त्याच्या मनातच येईना. मग चूक कुणाची? त्याने ती स्वतःवर घेतली. एखादा नवस राहिला असेल, असं त्याची बायको रडत म्हणाली. पुन्हा जहाजावर निघण्याआधी त्याने देवाची क्षमा मागायचं ठरवलं, आणि मलाच बोलावलं.

मी गेलो. “तातूच्या हातसून काय चूकभूल झाली आसात, तर ती पोटात घाल रे म्हाराजा,” म्हणालो. एकही शब्द अडला नाही. ‘व्हय म्हाराजा’ तातूच सगळ्यांत मोठ्याने म्हणाला.

मग त्याने नारळ फोडला आणि अर्धं भकल माझ्या हातावर ठेवलं. ते मी घरी नेलं. दुसऱ्या दिवशी आम्ही ते माशांच्या कालवणात वाटून खाल्लं.